पैनगंगेच्या उतारावरची नाव

मी एक जुनी नाव आहे. पैनगंगेच्या काठी चिखलात एका कुशीवर पडलेली. माझ्या तळाला मोठं भोक आहे. त्यात आता बेडकं राहतात.

मित्रांनो, मी केनवडच्या सुताराच्या हातची. माझ्यासाठी जानराव पाटलांनी आपल्या बांधावरचा आंबा स्वतः तोडला. ते डावखुरे, सुतार गमतीनं म्हणायचा, "पाटलाचा घाव लाखात वळखू येते." इंद्रभान भोयानं मला डांबर चोपडलं, आणि पहिल्याच खेपेला मी पाटलांची लेक सोजर सासरी पोचवली.

अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाची मोगलाई. मला दोन्ही काठ सारखेच. धरमसिंग बंजारा, बांगड्यांचा हारा घेतलेला रसूल मणियार, बाजारच्या बाया, सगळे दाटीवाटीनं बसत आणि एकमेकांच्या बोलीची टिंगल करत.

मग इंग्रज गेला. मोगलाई वेगळीच राहिली. पलीकडच्या नाक्यावर निजामाच्या रझाकारांनी धरमसिंगाचे बैल हिसकावले, त्याचा राग अलीकडच्यांनी रसूलवर काढला. त्याचा हारा माझ्यावरच आपटून फोडला. काचा माझ्या फटींत रुतल्या. पुढं लोक माझ्याकडेही वाकड्या नजरेनं पाहू लागले.

"फोडा हिले!" एक दिवस गावातला रामराव ओरडला.

जानराव आडवे आले. "कायले फोडता? गावाचा रस्ता हाय हा."

"लेक मोगलाईत देली न, म्हून पुळका येऊन राह्यला पाटलाले! उद्या रझाकार हिच्यातच बसून आले, तं जावई म्हून ओवाळसान का?"

सारा काठ खदखदून हसला. जानरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी रामरावाच्याच हातातली कुऱ्हाड ओढली. पहिला घाव त्यांचा. दुसराही त्यांचाच.

श्रावणात नदी दोन्ही थड्या भरून वाहू लागली आणि जानराव तापानं अंथरुणाला खिळले. ही बातमी हाकेहाकेनं पलीकडे गेली. सोजर काठावर येऊन उभी राहिली. जानरावांनी हट्ट धरला, म्हणून त्यांची बाज माझ्याजवळ आणून ठेवली.

"इंद्रभान काका, नाव आना!" पलीकडून हाक आली.

इंद्रभान मान खाली घालून उभा. जानराव तापात पुटपुटले, "पोरगी कवाची उभी हाय. नाव धाड ना, इंद्रभान."

रामरावानं माझ्या भोकाकडे पाठ फिरवली.

चितेचा धूर सोजरनं पलीकडूनच पाहिला.

पाणी उतरल्यावर ती नदीतून चालत आली.

"हिले कोनं फोडलं, काका?"

"पुरात दगड लागला, बाई."

तिनं माझ्या भोकाच्या कडेवरून बोटं फिरवली. घाव डावीकडून उतरले होते. तिचा हात तिथंच थांबला.

"दगडच असंन," ती म्हणाली. आणि इंद्रभानाकडे न पाहता माझ्या फटीतल्या काचा एकेक वेचून तिनं मातीत पुरल्या.

मित्रांनो, आता मला डांबर लावू नका. माझं लाकूड कुजलं आहे. पण तुमच्या गावात एखादी नाव असेल, आणि चार लोक हसले म्हणून तुमचा हात कुऱ्हाडीकडे गेला, तर आधी पलीकडच्या काठाकडे बघा. नाव फोडायला दोन घाव पुरतात. हाक मात्र नंतर येते.