सात दिवसांचं रान

मी एक जुनी घोंगडी आहे, मित्रांनो. काळी, जाड, अंगाला टोचणारी. कासाबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने लोकर कातली, विणकराने मला विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. तेव्हापासून मी मेंढरांमागे आहे. सोनपेठपासून येलदरीपर्यंतची रानं मला पाठीने माहीत आहेत.

पावसात मी डोक्यावरची खोळ होते, थंडीत पांघरूण. बाळंतपणात खाली मीच असते.

कासाबाईला माझ्यावर आठ मुलं झाली. तीन राहिली.

(इथे मला भोक आहे. चुलीतली ठिणगी पडली होती. पाच मुलांचं सांगता येत नाही.)

मग सून आली, दीपिका. तिला दहावीची परीक्षा द्यायची होती. पण एका बाईवर कळप हलत नाही. एकीने पुढे जाऊन पाल ठोकायचं, दुसरीने कोकरं आणायची. म्हणून परीक्षेआधी लग्न.

दीपिकाला माझ्यावर तीन मुली झाल्या. तिसरीही मुलगीच बघून कासाबाई उठली. मला धुऊन बाभळीवर टाकलं.

"आता बास," दीपिका म्हणाली. "आपरेशन करून घेते."

कासाबाई लोकर पिंजत होती. "मला आठ झाली तवा तीन दिसायलीत. तुझ्या तिघींतल्या किती राहतील? राहिल्या तरी सासरी जातील. मग मेंढरामागं कोण?"

"आता कोण जायलंय, आत्याबाई? मीच की."

दीपिकाचा नवरा रामप्रसाद हसला. "भांडा दोघी. मेंढरं ऐकायलीत."

कळप बसला होता त्या गावच्या आशा कार्यकर्ती सुलाबाई यांनी नसबंदीच्या शिबिराची तारीख दिली. म्हणाल्या, "नंतर सात दिवस एका जागी पडून ऱ्हायचं. ओझं उचलायचं न्हाई."

"ताई, रानवाला तीन दिवसांवर बसू देत न्हाई," रामप्रसाद म्हणाला. "मेंढरं बसली, खत पडलं, की निघा म्हणतो."

तारीख आली तेव्हा आम्ही दोन तालुके पुढे होतो. दीपिकाने फोन केला.

"त्या गावाचं माझ्याकडं न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. "तिथल्या आशाला विचार."

तिथल्या आशाने नवी तारीख दिली. तोवर आम्ही तिथूनही निघालो.

(इथे दुसरं भोक आहे. उंदराचं. आणखी दोन तारखा त्यात गेल्या.)

फिरून सोनपेठकडे आलो तेव्हा एका पडीक रानाच्या मालकाने दीपिकाला आठवडाभर पडू द्यायचं कबूल केलं. शिबिराच्या सकाळी कासाबाईने मला घडी करून दीपिकाच्या काखेत दिलं.

"पोरी मी नेते. आमी फुडं जातो. तू परत येऊन हितंच पड."

दीपिकाने पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला. मग आम्ही दोघी एसटीत बसलो.

दवाखान्यात आधी तपासणी झाली. नर्सबाई कागद बघून म्हणाली, "दिवस गेलेत तुला. आता करता येत नाही. बाळंत झाल्यावर ये."

"कुठं येऊ?"

"इथंच."

"तवा आमी हितं नसू."

नर्सबाईने पुढचं नाव पुकारलं.

दीपिका स्टँडवर मला अंथरून बसली. रडली नाही. रडली असती तर मला कळलं असतं, लोकर लगेच ओली होते. दुपारी तिने चालत कळप गाठला.

"सात दिवस लागणार व्हते ना?" कासाबाईने विचारलं.

"न्हाई लागले."

कासाबाई तिच्या पोटाकडे बघत राहिली. मुलगा होईल म्हणाली नाही. मला तिच्या काखेतून काढून स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि मेंढरांमागे चालू लागली.

मित्रांनो, घोंगडी जपणं अवघड नसतं. ओली गुंडाळू नका, ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला. मी अजून एक बाळंतपण काढीन. माझं सोडा.

तुमच्या शिवारात मेंढरं बसली आणि कडेला घोंगडीवर एखादी बाई पडलेली दिसली, तर तिला चौथ्या दिवशी उठवू नका.