बाराव्या गाण्यानंतर

काष्टीच्या बाजारात शेळ्या उतरवून टेम्पो रिकामा झाला, तसा बिभीषणने खिशातून पेचकस काढला आणि स्टिअरिंगशेजारच्या, सीडी वाजवणाऱ्या जुन्या टेपच्या स्क्रूवर टेकवला.

"आई, आता तूच सांग," तो म्हणाला. "ही पोरगी दिवसभर किंचाळ्या ऐकती. लोक विचारत्यात, ज्योतीला बाहेरचं काय झालंय का? भंगारवाला तिकडं उभा हाय. टेपबी देतो आन् तिचा डबाबी."

डबा बिस्किटांचा होता. आत तेवीस सीड्या. पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन वर्षं एकेक करून ज्योतीने त्या जमवल्या होत्या. आता डबा मांडीवर धरून ती गप्प बसली होती. एरवी बापाशी शब्दाला शब्द लावणारी नात आज भांडतसुद्धा नाही, हेच रंगुबाईला खुपलं.

"ऐकल्याबिगर मी कायबी सांगनार न्हाई," रंगुबाई म्हणाली.

"मग आख्खी सीडी ऐक, आज्जे," ज्योती पटकन म्हणाली. "एका गाण्यावरनं कळत न्हाई. ह्या परदेशी बँडवाल्यांनी गाणी ज्या ओळीनं लावल्यात त्याच ओळीनं. मधनं उठायचं न्हाई."

"कीर्तनातनं कधी उठलेय का मी?"

बिभीषण हसला. "दुसऱ्याच गाण्याला कानात बोटं घालशील," म्हणत तो चहाला गेला.

ज्योतीने काचा वर केल्या. सीडी आत गेली. लाकडावर लाकूड चारदा वाजलं आणि पुढच्या क्षणी टेम्पोचा पत्रा थरथरायला लागला. हलगी-ढोलासारखा दणका, विजेवरच्या गिटारींच्या तारा, सगळं एकदम अंगावर आलं. त्यातून एक माणूस ओरडला. कान झाकायला रंगुबाईचा हात पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

तो आवाज गळ्यातला नव्हता. बेंबीच्या देठापासून निघालेला होता.

हे तिला ओळखू आलं, कारण आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिने रानातल्या मचाणावर, माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं राखली होती. गोफणीतला दगड संपला की आवाजच. गळ्यातून ओरडणाऱ्या पोरीचा आवाज दुपारपर्यंत बसायचा. पोटातून ओरडणारी दिवस बुडेपर्यंत टिकायची. हा माणूस टिकणारा होता.

"किती वर्सं वरडतोय ह्यो?"

"तीस. समदे पिकलेत आता, पन अजून वाजवत्यात." ज्योतीचा आवाज हळूहळू मोकळा व्हायला लागला. "ह्यांच्या पहिल्या दोन आल्बमांत नुसती धडधड हाय. दोन-दोन मिन्टांची गाणी, शाळा बुडवायची, मैतरांची. ह्यो पाचवा. ह्याच्यात बघ, ती धडधड मधीच थांबती, दम घेती, मग कोसळती. ह्या गाण्यात त्याच्या गावातला कारखाना बंद पडलाय. पुढच्यात बाप घर सोडून गेलाय."

रंगुबाईने डोळे मिटले. भाषा परकी, पण बंद पडलेला कारखाना तिला ऐकू येत होता. एका गाण्यात सगळे मिळून इतकं गोड, नाचरं गायले, की तिचा पाय आपोआप हलला. लगेच पुढचं गाणं कडा कोसळावा तसं आलं. एकटं ऐकलं असतं तर नुसता गोंगाट वाटला असता. त्या गोडव्यापाठोपाठ आलं म्हणून तिच्या अंगावर काटा आला. ज्यांनी ही ओळ लावली त्यांना माणसाचं मन कुठे ढिलं पडतं ते ठाऊक होतं.

बारावं गाणं संपलं. ज्योतीने बटणाकडे हात नेला. "झालं, आज्जे."

"थांब. आकडे पळत्यात की अजून."

म्हातारपणी अक्षरं आणि आकडे शिकल्यापासून डोळ्यांसमोर येईल ते वाचायची रंगुबाईला सवय लागली होती. टेपवरचे सेकंद पुढे सरकत होते आणि आवाज काहीच नव्हता.

"सीडीत रिकामी जागा आसल. मी तर बारावं झालं की काढती."

"पाखरं उठली म्हनून आमी लगेच माळा सोडत न्हवतो."

दोघी बसून राहिल्या. एक मिनिट. तीन. बिभीषण आला, दार उघडून आत डोकावला. "मुक्याचं गानं लावलंय व्हय?" रंगुबाईने बोट ओठांवर ठेवलं. तो पेचकस हातात धरून तसाच उभा राहिला.

पाचव्या मिनिटाला एक तार छेडली गेली. एकच. मग तोच माणूस, पण आता न ओरडता, दिवसभराच्या थकल्या आवाजात, पलीकडच्या रानातल्या कुणाशी तरी बोलावं तसा गायला लागला.

ज्योतीचा हात तोंडावर गेला. "आज्जे, दीड वरीस झालं माझ्याकडं. मला म्हाईतच न्हवतं."

रंगुबाईला ज्वारीच्या रानातला माळा आठवला. दिवस बुडताना असंच व्हायचं. शेजारच्या माळ्यावरची बनुबाई फाटक्या आवाजात हळूच विचारायची, "हायेस का गं?" एवढ्या ओरडण्यानंतर ते हळू बोलणं रानभर ऐकू यायचं. सातासमुद्रापलीकडच्या ह्या पिकल्या माणसाने ते कुठून आणलं असेल? आणि पाच मिनिटं मुकाट बसणाऱ्याच्याच वाट्याला यावं, असं दडवून का ठेवलं असेल?

"काय म्हनतोय त्यो?" बिभीषणने विचारलं. त्याचा आवाज आपसूक खाली आला होता.

"जागं कोन हाय का, म्हनून इचारतोय," ज्योती म्हणाली.

"हाय," रंगुबाई टेपकडे बघत पुटपुटली.

गाणं संपलं. ह्या वेळी आकडेही थांबले. तिकडून भंगारवाल्याने हाक मारली.

"त्याला म्हनावं, जा," रंगुबाई म्हणाली. "आन् त्यो पेचकस ठीव खाली. आत बस, दार लावून घे. ज्योते, ती पहिल्या दोनातली हाय का डब्यात? पोरं व्हती तवाची?"