दाबून ठेवलेलं

गिरगावात जयवंतरावांकडे दर्शना दिवसपाळीला होती. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेलेली. खाणं, औषधं, कूस बदलणं, सकाळी आठ ते रात्री आठ सगळं तिच्याकडे. त्यातलं मोठं काम म्हणजे त्यांचं पोट. कोमट पाणी द्यायचं, भिजवलेल्या मनुका द्यायच्या, कमोडच्या खुर्चीवर बसवायचं आणि वाट बघायची. सून अनुजा ऑफिसातून आली की चपला काढता काढताच विचारायची, आज बाबांना झाली का.

दर्शनाच्या स्वतःच्या पोटाची गत निराळी होती. लालबागच्या चाळीत सोळा बिऱ्हाडांना तीन संडास, सकाळी नंबर येईस्तोवर निघायची वेळ व्हायची. इथे कामाला लागली त्याच दिवशी अनुजाने अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, खाली वॉचमनचं आहे, तिथे जात जा. चार जिने उतरायचे, ते आजोबांना एकटं टाकून कसे? म्हणून ती पाणीच कमी प्यायची. लागलं की दात आवळून बसायची. थोड्या वेळाने कळ विरून जायची. दोन वर्षं असंच रेटलं.

मग चार-चार दिवस काही होईना. पोट फुगलेलं, डोकं जड, जेवण नकोसं. एका रविवारी कुंथताना रक्त पडलं. हा कॅन्सरच, असं तिच्या मनाने घेतलं. घरी कुणाला न सांगता सोमवारी खाडा करून ती परळच्या एका दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. घाबरण्यासारखं नाही, चीर पडली आहे, म्हणाल्या. मग विचारलं, "लागलं की काय करता?"

"दाबते."

"किती वेळ?"

"घरी जाईस्तोवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "सारखं दाबलं की आतडं सांगायचंच सोडून देतं. आत मळ सुकतो, कडक होतो आणि बाहेर पडताना चिरतो. औषध देते मी. पण लागलं की जायचं, ते काही गोळीत घालून देता येत नाही."

पाणी प्या, पालेभाजी खा, पेरू खा, कोमट पाण्यात बसा. रक्त थांबलं नाही तर परत या. दर्शना मान हलवत राहिली. यातलं बरंचसं ती आजोबांसाठी रोज करत होती. तिला रागसुद्धा आला नाही, एवढी ती थकली होती.

दुसऱ्या संध्याकाळी तिने अनुजाला सगळं सांगून वरचा संडास वापरू का, असं विचारलं. यांना विचारते, अनुजा म्हणाली. दोन दिवस गेले, ती त्यावर काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयवंतरावांचा डोळा लागला आणि दर्शनाच्या पोटात कळ आली. ती खुर्चीच्या पाठीला धरून थोडी थांबली. मग आत गेली आणि कडी लावली. सकाळपासून लोटाभर पाणी प्यायली होती, तरी दुखलंच. डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी अनुजा आल्यावर ती म्हणाली, "वहिनी, आज मी वरच गेले होते. उद्यापण जाणार. नाहीतर दुसरी बाई बघा."

अनुजाने पर्स टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाली आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी संडासात एक नवा लाल मग होता, बाजूला वेगळा साबण. तिच्यासाठीच, हे सांगायची गरज नव्हती. दर्शना बघत राहिली. काळजात कुठेतरी लागलं. पण त्यावरून बोलायला आता अंगात जोर नव्हता. तिने लाल मगच घेतला.

चीर भरायला दीड महिना गेला. रोज एका वेळी व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.