चिमूटभर अभ्रक

ढुंढिराज वैद्यांच्या हातचं शेवटचं अभ्रकभस्म गोदावरीबाईंच्या कपाटात, साड्यांच्या मागे, एका काचेच्या बाटलीत होतं. पंचवटीत दवाखाना होता तेव्हा असल्या बाटल्यांच्या रांगा लागलेल्या असत. दवाखाना मिटला, मुलाने ओझरच्या कारखान्यात नोकरी धरली, बिऱ्हाड इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आलं, तेव्हा बाकीचं सगळं कुणाकुणाला देऊन झालं. ही एक बाटली बाईंनी ठेवून घेतली. औषध म्हणून नव्हे. नवऱ्याच्या हातचं काहीतरी घरात असावं, एवढ्यासाठी.

ती बाटली नातीने मागितली तेव्हा त्यांना बरंच वाटलं. स्वरदाचं संशोधन अतिसूक्ष्म कणांवर चाललं होतं, आणि जुनी भस्मं कशी असतात हे तिला आधुनिक यंत्रांनी तपासायचं होतं.

"आजी, हे नॅनो असणार. आबांनी गोवऱ्या पेटवून नॅनो केलंय."

"त्यांनी अभ्रक केलं," बाई म्हणाल्या. "नाव तुम्ही मागाहून ठेवलंत."

मग त्यांनी वाटीत पाणी घेऊन तिला जुनी परीक्षा दाखवली. पाण्यावर भस्म अलगद सोडलं. विटकरी रंगाची साय धरल्यासारखं ते तरंगत राहिलं. त्यावर तांदळाचा एक दाणा ठेवला, तोही बुडाला नाही. चिमटीत घेऊन चोळलं की बोटांच्या रेषांत भरून बसलं पाहिजे, आणि उन्हात धरलं तर अभ्रकाची चकाकी कुठेही दिसता कामा नये. हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेले वैद्य इकडेच बघत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. काहीही विचारलं तरी ते "हो" म्हणत. जेवायचंय का, हो. जेवण झालं का, हो.

पुढचे काही महिने बाटली हळूहळू रिकामी होत गेली. क्ष-किरणांच्या यंत्रात कणांतले अणू कसे रांगा धरून बसलेत ते कळलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी दिलं ते चिकटपट्टीला चिकटलं ते कायमचंच. आम्लात विरघळवून मूलद्रव्यं मोजली, ते तर समूळ गेलं. प्रत्येक यंत्र काहीतरी सांगे आणि त्याबदली थोडं भस्म ठेवून घेई.

"तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासलं की संपतं," स्वरदा म्हणाली. "आमच्याकडे असंच."

"आमच्याकडेही भाताचं शीत दाबूनच बघतात. पण एकच शीत दाबतात गं, पातेलं नाही."

एकदा तिने लॅपटॉपवर चित्रं दाखवली. बाजारात विकत घेतलेल्या भस्माचे कण लहानमोठे, ओबडधोबड, नदीच्या कोरड्या पात्रात दगड पडलेले असावेत तसे. आणि आबांचे? बाई चष्मा पुसून पुन्हा बघत राहिल्या. एकसारखे, बारीक, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. पन्नास वर्षं ज्या हाताला त्यांनी चहाचा कप दिला, त्या हाताचं काम एवढं जवळून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लॅपटॉप उचलून त्या खिडकीशी घेऊन गेल्या.

"अहो, हे तुमचं आहे."

"हो," वैद्य म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

स्वरदाच्या सरांनी चित्रं पाहिली आणि एकच विचारलं: पुन्हा करता येईल का? एकाच नमुन्यावर प्रबंध उभा राहत नाही. पुन्हा करता आलं तर तो निष्कर्ष, नाहीतर नुसती गोष्ट.

म्हणून आजी-नातीने करून पाहिलं. मखमलाबादला कुसाबाईच्या मळ्यात खड्डा खणला. कुसाबाईच्या घरून पूर्वी दवाखान्याला गोवऱ्या येत असत. बाईंना सगळं आठवत होतं. खड्डा किती खोल, गोवऱ्या कशा रचायच्या, अभ्रकाच्या चकत्या मातीच्या दोन परळांत बंद करून सांधा चिखलकापडाने कसा लिंपायचा. धूर डोळ्यांत गेला तेव्हा बाईंना पंचवटीतलं मागचं अंगण, तिथली उकिरड्याकडची भिंत, तिच्यावर वाळत घातलेले परळ, सगळं समोर उभं राहिलं.

"आजी, एवढ्या गवऱ्यात आमच्या साऱ्या वस्तीचं पाणी तापलं आसतं," कुसाबाई म्हणाली. "आन् निघालं काय, तर चमचाभर माती."

"माती नाही गं. औषध."

"म्या कुठं नाय म्हनते. वैद्यबाबाच्या हातचं आमच्या सासूनं खाल्लंय. पर हे त्यांच्या हातचं नाय ना."

खरंच ते नव्हतं. सूक्ष्मदर्शकात दगडधोंडेच दिसले. दर वेळी भट्टीत घालण्याआधी अभ्रक वनस्पतीच्या रसात खलायचं असतं. पहिल्या रसांची नावं बाईंना पाठ होती, रस त्यांनीच काढलेले होते. या बाटलीतल्या भस्माचे शेवटचे खल मात्र वैद्यांनी एकट्याने केले. बाईंची आई संगमनेरला वारली, तेरावं उरकून त्या परतल्या तेव्हा भस्म बाटलीत भरलेलं होतं आणि खल धुऊन पालथा घातलेला होता. कोणता रस, हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हा वैद्य बोलत होते, त्यामुळे विचारण्याची घाई नव्हती.

"तुझी यंत्रं सांगत नाहीत?"

"वनस्पती जळून गेली ना, आजी. रुई काय, एरंड काय, वड काय, राख झाल्यावर यंत्राला जवळजवळ सारखंच दिसतं. आता पुण्याचा मोठा सूक्ष्मदर्शक राहिलाय. त्यात कणांवरचा पापुद्राही दिसतो म्हणतात. त्यावरून थोडा अंदाज येईल. कदाचित." तिथली वेळ मिळायला तिने पावसाळा संपेपर्यंत वाट पाहिली होती. आता गुरुवारची मिळाली होती. बाटलीत उरलेली शेवटची चिमूट तिने एका छोट्या कुपीत त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

कदाचित, हा शब्द बाईंना सोसेना. माहीत असलेला माणूस समोर बसलेला, आणि पोरीने कदाचितसाठी पुण्याला जायचं. रविवारी सकाळी त्यांनी ताटात पाला मांडला. रुईचं पान, एरंडाचं, वडाची पारंबी, कोरफड, नागरमोथा, तुळस. एकेक चुरडून त्या नवऱ्याच्या नाकाशी धरू लागल्या.

"अहो, शेवटी हे घातलं होतं?"

"हो."

"मग हे?"

"हो."

कोरफडीला हो, नागरमोथ्याला हो. मग बाईंनी मुद्दाम चहाच्या डब्यातला गवती चहा आणून धरला. त्यालाही हो.

"आजी, पुरे," स्वरदा म्हणाली. "दमतील ते."

"त्यांना ऐकून कळत नसेल. हाताला कळेल. ती कुपी आण."

"अगं, गुरुवारी पुण्याला न्यायचीय."

"नुसती दाखवते. सांडणार नाही."

स्वरदाने क्षणभर विचार केला आणि कुपी आणली. तिलाही आशा होतीच. बाईंनी झाकण काढून कुपी वैद्यांच्या डोळ्यांसमोर धरली. ते बघत राहिले. मग त्यांचा डावा, चांगला हात वर आला आणि त्यांनी कुपी सहज काढून घेतली, रोग्याला द्यायची पुडी उचलावी तशी. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताचा तळवा उताणा होता. त्यांनी कुपी त्यावर उलटी केली आणि दोनदा ठोकली. सगळं भस्म तळव्यावर आलं.

"आबा, थांबा," स्वरदा म्हणाली.

त्यांनी डाव्या हाताचं बोट त्यात टेकवलं. अंगठ्यावर चोळलं. उन्हाकडे धरून, डोळे बारीक करून चकाकी आहे का ते पाहिलं. बोटांच्या रेषा विटकरी रंगाने भरल्या होत्या. ते बोट त्यांनी बाईंपुढे धरलं. झटक्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर एवढी जाग बाईंनी पाहिली नव्हती, आणि त्यांचा हात धरायचं सोडून त्या नुसत्या बघत राहिल्या.

"कोणता रस, हो?" त्यांनी हळूच विचारलं. "सांगा ना. आत्ता सांगा."

वैद्यांनी ते बोट जिभेला लावलं. चव घेतली. मान डोलावली. मग तळव्यावरचं उरलेलं सगळं बोटाने गोळा करून तेही चाटून टाकलं, पूर्वी प्रत्येक भस्माची परीक्षा अशीच पुरी करत तशी, आणि तळवा धोतराला पुसला.

स्वरदा गुडघे टेकून धोतराच्या त्या डागाकडे बघत बसली. त्यातून काही उचलता येईल का, हे तिने मनाशी पाहिलं असावं. साबणाचा, सुताचा, घामाचा अंश आलेलं काही त्या यंत्राला चालत नाही. ती उठली, गॅलरीत गेली आणि सरांना फोन लावला. बाईंना आतून ऐकू येत होतं.

"सर, गुरुवारची वेळ दुसऱ्या कुणाला देऊन टाका. नमुना संपला." कसा, असं सरांनी विचारलं असावं. "तपासताना," ती म्हणाली.

बाईंनी रागवावं तर कुणावर? ज्यांनी ते भस्म केलं त्यांनीच ते संपवलं होतं, आणि कुपी नेऊन दिली होती ती आपणच.

वैद्यांनी डावा हात पुढे केला होता. अजून हवं होतं. बाईंनी रिकामी कुपी त्यांच्यासमोर उलटी करून दाखवली. मग उठून कपाटातली बाटलीही आणली आणि तीही उलटी करून दाखवली. त्यांनी हात मागे घेतला नाही.