एक घाव जोराचा

पाड्यावरची शाळा चौथीला संपायची. पुढं दोनच वाटा होत्या: रोज एसटीनं भातसानगरच्या वसाहतीतली शाळा, नाहीतर लांबचं वसतिगृह. वसाहतीत जागा थोड्या, म्हणून तिथले सर मुलांकडून इंग्रजी उतारा वाचून घ्यायचे. सोमवारी हर्षालीची पाळी होती आणि तिच्या आईच्या, संजीवनीच्या, जिवाला घोर लागला होता. अजून आईच्या पोटावर हात टाकून झोपणारी पोर परक्या ठिकाणी कशी राहील?

संजीवनी शहापूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली. तिनं जुनी डिक्शनरी काढली आणि लांब शब्द एका घोटात गिळायचा नसतो, तोडायचा असतो, असं लेकीला समजावलं. इ-लेक-ट्रि-सि-टी. हर्षाली बोटं दुमडत पाच तुकडे नीट म्हणायची, पण जोडायला गेली की अडखळायची आणि ओठ मिटून आईच्या तोंडाकडे बघत बसायची. मग संजीवनी प्रत्येक तुकडा आणखी ठासून म्हणायची.

सासू, भागी, पडवीत भात कांडत होती. गिरणीचा तांदूळ तिला गोड लागत नसे. दोन दिवस ऐकून तिनं मुसळ थांबवलं.

"संजू, सगळे घाव सारखेच मारशील तर कण्या होतील गो. तांदूळ नाय मिळायचा."

"आत्या, हे इंग्रजी आहे."

"असंल. पण कांडतेस तर तूच ना?"

संजीवनीला रागच आला. तिनं नजर डिक्शनरीत घातली, आणि 'ट्रि' या तुकड्यापाशी एक बारीक उभी रेघ दिसली. कॉलेजची सगळी वर्षं तिनं ती छपाईचा डाग म्हणून सोडून दिली होती. तिनं 'हॉस्पिटल' काढून पाहिलं; तिथं ती पहिल्याच तुकड्यावर. म्हणजे प्रत्येक लांब शब्दात एक घाव जोराचा होता, बाकीचे हलके.

तिनं लेकीला उखळापाशी नेलं आणि तिसरा घाव जोराचा, असं सासूला सांगितलं. भागीनं मुसळ दोनदा नुसतं टेकवलं, तिसऱ्यांदा हाणलं, पुन्हा दोनदा टेकवलं. त्या तालावर शब्द अख्खा उतरला. हर्षाली हसली, दोन दिवसांत पहिल्यांदाच.

सोमवारी संजीवनी शाळेच्या खिडकीशी उभी होती. उतारा धरणाचा निघाला. त्यात 'इरिगेशन' आलं, घरी कधी न घोटलेलं, आणि हर्षाली थांबली. संजीवनीचे ओठ हलले. तिनं ते पदराखाली दाबून धरले. आत पोरीची मूठ मांडीवर पडू लागली. आधी दुसऱ्या तुकड्यावर जोर देऊन पाहिला, जमलं नाही. मग तिसऱ्यावर. शब्द निघाला आणि उतारा पुढं चालू लागला.

घरी कोण शिकवतं, असं सरांनी विचारलं.

"आई तुकडे करती," हर्षाली म्हणाली, "आणि आजी कांडती."

सरांना काही उमगलं नाही. त्यांनी खणातून एसटीच्या पासाचा फॉर्म काढला, तिचं नाव लिहिलं आणि खाली शिक्का मारला. जोरात.