अर्ध्या बिडीची लाट

“कुणाचा बापबी इश्वास ठेवणार न्हाई,” सिद्धराम अंधारात म्हणाला, “पण किल्लारीच्या भूकंपात मला फावड्यानं न्हाई, एका लाटेनं दगडाखालून काढलंय.”

लातूरच्या होस्टेलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती. लाईट गेलेली, वॉचमन जनरेटरला डिझेल आणायला पळालेला. लोह्याहून शिकायला आलेली जिक्रा कोपऱ्यात मुटकुळं करून बसली होती. दुपारी नीटचा पेपर, दीडला केंद्राचं फाटक बंद, आणि तिचं एकच पालुपद: “मामा, मला काहीच आठवेना. दार उघडलं की मी सरळ लोह्याची बस धरते.”

मेसचे डबे पोचवणारा सिद्धराम डबा मांडीवर घेऊन पत्र्याला टेकला होता. त्र्याण्णव सालापासून त्यानं झोपताना दाराला कडी लावली नव्हती. थंडी असो, चोर असो, दार सताड. आज गुडघा ठणकला म्हणून लिफ्टमध्ये पाय टाकला, आणि ही पेटी त्याच्याच छातीवर येऊन बसली. गप्प राहिलो तर पोरीआधी आपणच बोंब ठोकू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो बोलत सुटला.

“हैदराबादचा भूकंपवाला साहेब वर लाटा मोजायचं यंत्र मांडून बसलेला. मी आतून वरवंटा ठोकून राहिलो. ठोक्याची लाट दगडात शिरली, वाटेत भेगा लागल्या, अन् एका लाटेच्या झाल्या दोन. जुळे भाऊच म्हण. भेगेसंगं हालणारा पुढं पळतो, भेगेला आडवा हालणारा मागं अडखळतो. दोघांत किती येळाचं अंतर पडलं त्यावरून साहेब वळखतो, भेगा किती. अन् पुढं पळणारा कुणीकडं हालला त्यावरून कळतं, भुई कुणीकडून दाबली जाऊन राहिली. त्याच अंगाचे दगड सारून मला भाईर काढलं.”

कोपऱ्यातून बारीक आवाज आला. “अंतर किती पडलं मग?”

सिद्धरामला हुरूप आला. “लई! पहिला भाऊ वर पोचला, अन् दुसरा पोचेस्तोवर मी आत अर्धी बिडी ओढली.”

तेवढ्यात गचका बसला. दिवा लागला, लिफ्ट कुरकुरत खाली आली, दार उघडलं. सिद्धराम अक्षरशः बाहेर सांडला. जिन्याचा कठडा धरून त्यानं पोटभर हवा घेतली. वळून बघतो तर पोर आतच उभी, बोटं मोजत.

“अगं, निघ की बाहेर!”

“थांबा हो मामा. दगडात ही लाट सेकंदाला तीनेक किलोमीटर पळते. अर्धी बिडी म्हणजे दोन मिनिटं धरू. तेवढ्यात तुमचा दुसरा भाऊ माहूरच्या पार गेला असता! अन् तुमच्यावर दगड होते केवढे?”

“असतील चार हात. मी काय टेप घेऊन निजलो होतो?”

जिक्रानं हॉल तिकीट उचललं, ओढणी खोचली आणि त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखी रस्त्याला लागली. बस स्टँडच्या नव्हे, केंद्राच्या. पळता पळता अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली,

“खोटं! मामा, निव्वळ खोटं! दगडाखाली काडी कुणी पेटवली?”