कोड गंधालीच्या फोनवर

बोलायला उशीर झालेल्या मुलांना क्षमा चारकोपच्या आपल्या छोट्याशा दवाखान्यात बोलायला शिकवायची. लांबची मुलं ऑनलाइन भेटायची. आठवडाभर लॅपटॉप सारखा अडत होता, म्हणून दुरुस्तीवाल्याने तो आज पूर्ण रिसेट करून दिला. "मॅडम, तुमच्या ईमेलने साइन-इन करा, फायली आपोआप परत येतील," असं सांगून तो गेला.

क्षमाने ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. चूक. पहिलं अक्षर मोठं करून पाहिलं, शेवटचे आकडे बदलून पाहिले. तरी चूकच. शेवटी पडद्यावर आलं, की ४७ने संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवला आहे.

तो नंबर तिचा नव्हता. गंधालीचा होता.

दवाखाना दोघींनी मिळून काढला होता आणि हे खातंही गंधालीनेच उघडलं होतं. मग तिला वांद्र्याला नोकरी लागली, तेव्हा क्षमा रागाच्या भरात बोलून गेली, "तुला या मुलांचं काही पडलेलंच नाही." त्यानंतर दोन वर्षं दोघींत एक फोन नाही.

नवीन खातं उघडता आलं असतं. पण मुलांच्या आवाजाची रेकॉर्डिंग, त्यांच्या नोंदी, सगळं त्याच खात्यात होतं. चार वाजता नाशिकच्या सम्यकचा तास होता. तीन वाजून गेले होते. क्षमाने दोनदा फोन उचलून खाली ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"बोल," गंधाली म्हणाली.

"तुझ्या फोनवर कोड आलाय ना?"

"आलाय. मला वाटलं कोणीतरी फसवतंय."

"मीच आहे गं. लॅपटॉप रिसेट केला, आता मलाच आत घेत नाहीये."

गंधालीने आकडे वाचून दाखवले, पण तोवर कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला, तर घाईत क्षमाने दोन आकडे उलटे टाकले. खूप प्रयत्न झाले, अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, असं पडद्याने बजावलं.

"वाट लागली!"

"थांबते मी. आज सुट्टीच आहे माझी."

फोन कोणीच ठेवला नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तेव्हा मी जे बोलले ना," क्षमा म्हणाली, "ते चुकलंच माझं."

"चुकलंच. खूप लागलं होतं मला." गंधाली म्हणाली. "पण मीही नोकरीचं समोर येऊन सांगायला हवं होतं. मेसेज टाकून मोकळी झाले."

मग ती एकेका मुलाची चौकशी करत बसली. नावं तिला सगळी पाठ होती.

पावणेचारला नवा कोड आला. या वेळी क्षमाने एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरला, आणि लॅपटॉप उघडला. फायली हळूहळू उतरू लागल्या.

"सम्यकच्या आईला विचारशील? दोन मिनिटं बघायचंय त्याला," गंधाली म्हणाली.

आई आनंदाने हो म्हणाली आणि गंधालीही व्हिडिओवर तासात आली. गंधालीने दवाखाना सोडला तेव्हा सम्यक फक्त 'बा' म्हणायचा. आता सहा वर्षांचा झाला होता. पडद्यावरचा अनोळखी चेहरा त्याने नीट न्याहाळला आणि विचारलं, "ही मावशी कोण आहे?"

कुठेही न अडखळता. गंधाली पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

"मी गंधाली," ती म्हणाली. "अजून विचार."